आराधी मेळ्यातला दिलरुबा

ज्ञानोबाला काळजी करायला कारण लागत नसे. आभाळ भरून आलं की सोयाबीन भिजेल म्हणून काळजी, नाही आलं की वाळेल म्हणून काळजी. लेकीचा फोन आला की काय झालं असेल, नाही आला की काय झालं असेल. त्याची बायको हरणाबाई म्हणायची, "ह्यांच्या बारशाला पाळण्याची दोरी तुटली असंल. तवापासनं जीव मुठीत धरून बसलेत." पण यंदाच्या भादव्यात ज्ञानोबाच्या काळजीला खरोखरीचं कारण मिळालं, आणि ते कारण त्याच्याच घरात, धान्याच्या कोठीशेजारी, खोळीत घालून खुंटीला लटकत होतं. त्याला म्हणतात दिलरुबा.

दिलरुबा म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. तेरच्या अलीकडं नदीकाठी ज्ञानोबाचं गाव, आणि त्या गावात निम्म्या लोकांना ते बाईचं नाव वाटलं होतं. तर सतारीची आणि सारंगीची सोयरीक जमली असती तर जे लेकरू झालं असतं, तसं ते वाद्य. सतारीसारखी लांब दांडी, तिच्यावर पितळी पडदे, खाली बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेलं पोट. वाजवायचं मात्र खांद्याला टेकवून, घोड्याच्या केसांच्या गजानं. वर चार तारा, त्यातली एकच खरी वाजती. आणि खाली सतरा बारीक तारा, त्यांना तरफा म्हणतात. तरफांना कुणी हात लावत नाही. वरची तार त्यांच्या सुरात लागली की त्या आपोआप घुमतात. विहिरीत तोंड घालून हाक मारावी आणि विहिरीनं गोड होऊन ती परत द्यावी, तसं. त्या घुमण्यानंच ज्ञानोबाचा घात केला.

तो मूळचा तुणतुण्यावाला. आपल्या भागात देवीचे आराधी असतात, गळ्यात कवड्याची माळ, हातात परडी. मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात त्यांचा मेळा बसतो. गावच्या मेळ्यात लिंबाजीचं संबळ, ज्ञानोबाचं तुणतुणं, दोन झांजवाले, मागं सूर ओढायला चार जणी, आणि पुढं विठाबाई. विठाबाई म्हणजे मेळा. अडुसष्ट वर्षांची, हाडाची बारीक, पण आवाज असा की पलीकडच्या शिवारात गडी खुरपं टाकून उभा राहावा. गाणी तिची तिनंच रचलेली. लिहिलेलं एक नाही, विसरलेलंही एक नाही.

विठाबाईला सूर कुणी देत नसे. ती डोळे मिटायची, कपाळाला हळदीचं बोट लावायची आणि जिथनं आवाज येईल तिथनं गाणं उचलायची. घसा बसला असेल तर खालनं, सुनेशी वाजलं असेल तर वरनं. बरं, उचललं तिथं ते राहायचंही नाही. गाणं रंगलं की सूर वर सरकत जायचा, चढावरनं बैलगाडी जावी तसा, सावकाश आणि न थांबता. शेवटच्या कडव्याला पोचेपर्यंत पहिला सूर दोन शेतं मागं राहिलेला असायचा. तुणतुण्याला त्याचं काही वाटत नाही. एक तार, एक खुंटी. बाई चढली की खुंटी पिळायची, उतरली की सोडायची. ज्ञानोबानं तीस वर्षं हेच केलं. एकदा वडगावच्या जत्रेत समोर दुसऱ्या मेळ्याचा भोंगा लागला, आणि विठाबाई ईर्षेनं इतकी वर गेली की ज्ञानोबा पिळतोय, पिळतोय, आणि तार तुटली. मग त्यानं उरलेलं गाणं नुसता डबा वाजवून काढलं. खाली उतरल्यावर विठाबाई म्हणाली, "आज तुणतुणं बरं वाजलं रं."

असा माणूस दिलरुब्याच्या नादाला कसा लागला, तर चार वर्षांमागं तुळजापुरात. मेळा दर्शन करून गल्लीनं परतत होता. एका जुन्या घराच्या खिडकीतनं आवाज आला. ज्ञानोबाला वाटलं, तोंड मिटून कुणी बाई गातेय. तो थांबला. मेळा पुढं गेला, बसस्टँडवर पोचला, माणसं मोजली तर एक कमी. लिंबाजी शोधत परत आला तर हा चपला हातात घेऊन खिडकीखाली उभा.

"चपला का काढल्यास?" लिंबाजीनं विचारलं.

"ठाऊक न्हाय," ज्ञानोबा म्हणाला.

घर होतं वसंतरावांचं. शाळेत गायन शिकवून निवृत्त झालेले मास्तर, तुळजापुरात सात पिढ्या, वय ऐंशीला टेकलेलं. दिलरुबा शिकायला येणारं कुणी उरलं नव्हतं. ज्ञानोबा पुढच्या गुरुवारी परत गेला, खिडकीखाली उभा राहिला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तिसऱ्या वेळी खिडकी उघडली.

"काय हवंय?"

"काय न्हाय. ऐकायलोय."

"उभं राहून किती ऐकाल? आत या. बसून शिका, चुकत का होईना."

असे चार वर्षांचे गुरुवार गेले. वसंतराव सरांनी त्याला बोट कसं सरकवायचं शिकवलं, गज कसा धरायचा शिकवलं, आणि दुसऱ्या वर्षी आपल्या दोन दिलरुब्यांपैकी जुना त्याच्या हवाली केला. देताना एवढंच म्हणाले, "ज्ञानोबा, वरची तार म्हणजे देह. तरफा म्हणजे जीव. जीव बेसूर झाला तर देहाला काही अर्थ नाही." हे वाक्य त्या चिंतातुर माणसाला सांगायला नको होतं. तो तेव्हापासून सकाळी दात घासायच्या आधी तरफा लावायला बसू लागला.

मेळ्यात ते वाद्य लिंबाजीला नुसतं दाखवायला म्हणून नेलं तेव्हाची गंमत वेगळीच. दोन वर्षांमागच्या आषाढातली ओली हवा, कातडं सैल पडलेलं, आवाज गोणपाटातनं आल्यासारखा. लिंबाजीनं नेहमीप्रमाणं तुराट्यांचा जाळ करून संबळ शेकायला धरलं होतं. ज्ञानोबा पाणी प्यायला उठला. लिंबाजीनं पाहिलं, बिचाऱ्याचं पोट ढिलं पडलंय. प्रेमानं उचललं आणि संबळाशेजारी जाळावर धरलं. फट्ट. ज्ञानोबा ते वाद्य मांडीवर घेऊन तुळजापूरला गेला तेव्हा बसमध्ये दोघांनी त्याला बसायला जागा दिली, इतकं त्याचं तोंड उतरलं होतं. सरांनी खोळ काढली, वास घेतला.

"भाजलं कुणी?"

"संबळवाल्यानं. माया करायला गेला."

सरांनी दोन महिने लावून नवं कातडं चढवलं. त्या वेळी हसले नाहीत. पण पुढं कितीतरी गुरुवारी, दिलरुबा हातात घेतला की म्हणायचे, "खरपूस लागतोय."

आता मुद्द्याचं. धाराशिवात शिवराज नावाचा पोरगेला गडी आहे, तिशीच्या आतला. गादी कारखान्याच्या वरच्या खोलीत त्यानं रेकॉर्डिंगची जागा केली आहे. आराधी गाणी रेकॉर्ड करतो, मोबाइलवर सोडतो, आणि नवरात्रात हीच गाणी गावोगाव वाजतात. सगळ्यांत तोच कीबोर्ड, तेच ठोके. ज्ञानोबाच्या जावयानं दिलरुब्याचा व्हिडिओ कुणाला तरी पाठवला, तो फिरत फिरत शिवराजपर्यंत गेला, आणि शिवराज मोटारसायकल घेऊन गावात हजर.

"काका, आराधी गाण्यात हे कुणी आणलेलंच नाही. हे घुमणं आणि विठाआजीचा आवाज. लोक येडे होतील."

 चार वर्षं ज्ञानोबाच्या मनात हेच होतं, पण विठाबाईला सांगायची छाती झाली नव्हती. शिवराजनं सरळ जाऊन सांगितलं. विठाबाई मूग निवडत होती. मान वर न करता तिनं ज्ञानोबाला विचारलं,

"तुला तुणतुण्याचा कंटाळा आला व्हय?"

"तसं न्हाय आक्का."

"मग कसं?"

 विठाबाईनं चार खडे बाजूला टाकले. मग म्हणाली, "एक गाणं. त्या पोराच्या खोलीत. तुझा पेटारा माझ्या गळ्यासंगं चालला तर मेळ्यात बसंल. न्हाय चालला तर घरला नेऊन खुंटीला लाव, पुन्हा माझ्यासमोर आणू नगस. आन रुसायचं न्हाय."

सोमवार ठरला. मधे पाच दिवस. त्या पाच दिवसांत ज्ञानोबा वाळला. कारण आता त्याच्या ध्यानात आलं की तुणतुण्याची खुंटी एक आणि याच्या तरफांच्या सतरा. विठाबाई चढावरनं निघाली की सतरा खुंट्या पिळायला रावणाचे हात पाहिजेत. न पिळाव्यात तर सर म्हणतात तो जीव बेसूर होणार.

मग त्यानं एक शहाणपणा केला. शहाणपणा कसला, आयुष्यात केली नसेल अशी चूक केली, आणि तीस वर्षं त्या बाईच्या शेजारी बसलेल्या माणसानं तर मुळीच करू नये अशी. निदान सुरुवातीचा सूर तरी आधी हाती असावा म्हणून रविवारी तो अर्धी पाटी भेंडी घेऊन विठाबाईकडं गेला. ती ओट्यावर बसून वाती वळत होती आणि तेच गाणं गुणगुणत होती. ज्ञानोबानं सदऱ्याच्या खिशातला फोन चालू केला, भेंडीचा भाव, सुनेची तब्येत, म्हशीचं दूध असं काहीबाही बोलत ते गुणगुणणं भरून घेतलं, आणि घरी येऊन दुपारभर त्या सुरात सतरा तरफा लावल्या. एक लागली की दुसरी उतरायची. हरणाबाई दारातनं पाहत होती.

"लेकीच्या लग्नात जावयाची येवढी मनधरणी केली न्हाय तुमी."

"गप बस. उतरतील."

"म्या बोलल्यानं उतरत असतील तर उद्या काय टिकायच्या न्हायत."

हे वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं.

सोमवारी सकाळी तेरच्या स्टँडवरनं मेळा धाराशिवच्या एसटीत चढला. ज्ञानोबानं दिलरुबा मांडीवर उभा धरला, खोळीचं तोंड उघडलं आणि दर खड्ड्यानंतर तो आत बोट घालून एकेक तरफ छेडून कान लावायचा. शेजारच्या सीटवरचे म्हातारबा हे पाहून पाहून कळवळले. "लेकराला ताप हाय का?" त्यांनी विचारलं. लिंबाजी मागनं म्हणाला, "ताप लेकराला न्हाय, बापाला हाय." सगळी बस हसली. ज्ञानोबा हसला नाही. बाराव्या तरफेत त्याला काहीतरी वावगं लागत होतं.

शिवराजची खोली म्हणजे चारी भिंतींना गाद्यांचा फोम चिकटवलेला, खिडकी बंद, एक पंखा, आणि तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. शिवराजनं विठाबाईपुढं हेडफोन केला.

"हे काय?"

"यात ठोका ऐकू येईल आजी. आणि कीबोर्डचा सूर. तुमची काळी चार पट्टी धरली आहे."

"माझी कोन?"

"काळी चार."

"माझं काय काळं-गोरं न्हाय बाबा. आन कानाला दोन भाकरी बांधून कोन गातं?"

हेडफोन बाजूला राहिला. विठाबाई उभी राहिली, कपाळाला बोट लावलं, डोळे मिटले. ज्ञानोबा गज हातात घेऊन बसला होता.  विठाबाईनं गाणं उचललं. येरमाळ्याच्या येडाईच्या जत्रेत बाया रानात चुनखडी वेचतात, त्याचं ते गाणं.

येडाईच्या माळावरती चुना वेचाया मी वाकली,
पाच खड्यांच्या भाराखाली दुखणी सारी झाकली.

पहिल्याच शब्दाला ज्ञानोबानं ओळखलं. बसून वाती वळताना ज्या सुरात गुणगुणत होती, त्याच्यापेक्षा हा सूर चांगला दीड पट्टी वर होता. असणारच. बसलेली बाई आणि संबळाच्या कडकडाटापुढं उभी राहिलेली बाई, यांचा गळा एक कसा असेल? हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं ठाऊक होतं. काळजीपोटी विसरला. त्यानं बोट वर सरकवून तिला गाठलं खरं, पण खाली सतरा तरफा कालच्या सुरात हट्टानं कण्हायला लागल्या. खोलीत कुणीतरी आजारी पडल्यासारखं वाटायला लागलं. दुसऱ्या कडव्यात विठाबाई आणखी सरकली आणि ते कण्हणं भांडणात बदललं. तिनं डोळे उघडले. गाणं थांबवलं.

"हे कोन रडायलंय?" तिनं विचारलं.

लिंबाजीनं खाली पाहिलं. झांजवाल्यानं झांज पोटाशी धरली. 

शिवराज मात्र मुळीच घाबरला नाही. "काका, काही अडचण नाही. आजींना एकट्यांना गाऊ द्या, नुसत्या संबळावर. मी मशीनमध्ये त्यांचा आवाज बरोबर काळी चारवर बसवतो. तुम्ही तरफा त्याच पट्टीत लावा आणि नंतर निवांत वाजवा. जोडून टाकू."

तसं केलं. विठाबाई दोन कडवी गायली. शिवराजनं तासभर कॉम्प्युटरचा उंदीर हलवला. ज्ञानोबानं तेवढ्या वेळात कीबोर्डच्या सुरात तरफा लावल्या, आणि खोटं कशाला सांगा, त्या अशा लागल्या की तुळजापुरातल्या खिडकीखाली ऐकलेला दिवस समोर आला. त्यानं वाजवलं. शिवराजनं दोन्ही जोडून मोठ्या स्पीकरवर लावलं.

काय सांगावं. गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं. दिलरुबा घुमतोय, तरफा झरतायत, आवाज कुठं इकडचा तिकडं नाही. लिंबाजीचं तोंड उघडं राहिलं. ज्ञानोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी सांगितलेला जीव हाच.

विठाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग शिवराजला शांतपणे म्हणाली, "चांगली गाती. कुठली बाई ही?"

"तुम्हीच आजी."

"न्हाय." तिनं परडी उचलली. "ग्यानबा, तुझा पेटारा हिच्यासंगं बसव. जोडी झ्याक हाय. आमी जातो, दोनची गाडी मिळंल."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर ज्ञानोबाला बरं वाटलं असतं. रागावलेल्या विठाबाईला कसं वळवायचं हे त्याला माहीत होतं. ती नुसती निघाली होती, आणि तिच्यामागं झांजवाले, ओढणाऱ्या बाया. शिवराज म्हणत होता, "काका, अडवू नका, आवाज आपल्याकडं आहे, उरलेली कडवीसुद्धा यातनं ओढून काढता येतील." एका बाजूला चार वर्षांचे गुरुवार आणि स्पीकरमधला तो गोडवा, आता हो म्हटलं की नवरात्रात गावोगाव वाजेल. दुसऱ्या बाजूला दाराशी चपला पायात सरकवणारी म्हातारी. ज्ञानोबाला घाम फुटला. गळ्यातल्या टॉवेलनं त्यानं तोंड पुसलं, मान पुसली, आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

"आक्का, थांबा," तो म्हणाला. "पुन्हा एकदा. न्हाय पटलं तर म्या स्वतः फोडून चुलीत घालतो. लिंबाजीला भाजायची सवय हाय."

विठाबाई एक चप्पल पायात, एक हातात, अशी उभी राहिली.

ज्ञानोबानं टॉवेलाची घडी केली, लांब, पट्टीसारखी, आणि पडद्यांखालनं, दांडीच्या बाजूनं, सतरा तरफांच्या खाली आणि वर कोंबत नेली.  एक तरफ टण्णकन वाजली आणि मग गप झाली. दुसरी गप झाली. घोंगडं टाकून जाळ विझवावा तसा त्यानं सगळा घुमारा विझवला. मनात सरांना म्हणाला, माफी द्या. मग शिवराजला म्हणाला, "तुझा ठोका बंद कर. ती कीबोर्डची पेटी बंद कर. काळी-पांढरी सगळी बंद कर. एकच माइक मधे ठेव."

"पण काका, मग यात दिलरुब्यासारखं काय राहिलं?"

ज्ञानोबानं गज उचलला आणि लिंबाजीला खूण केली.

संबळ सुरू झालं. विठाबाईनं हातातली चप्पल खाली ठेवली, डोळे मिटले आणि उचललं. या खेपेला आणखीनच वरनं. ज्ञानोबानं पडद्याकडं पाहिलंच नाही. पडद्यावर बोट दाबलं तर सूर पडद्याचा होतो. त्यानं दोन पडद्यांच्या मधे, जिथं ती होती तिथं, तारेवर नुसतं बोट टेकवलं. गज ओढला. आवाज बारीक आला, कोरडा, घुमारा नसलेला. पण तिच्याशेजारी आला. ती सरकली की बोट सरकलं. तीस वर्षं खुंटीवर असलेल्या हातालाच हे माहीत होतं की ती कुठल्या शब्दावर चढणार, कुठं थबकणार. सरांनी शिकवलेलं बोट आणि तुणतुण्यानं शिकवलेला कान, दोन्ही पहिल्यांदाच एका बाकावर बसले. पण सहा कडव्यांचं गाणं, आणि पुढं चौथं कडवं होतं.

चौथ्या कडव्याचं असं, की तिथं लांब ओळ आहे आणि मधे दम घ्यायला जागा नाही. गेल्या वर्षापासून विठाबाईचा दम तिथं तुटायचा. मेळ्यात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. ओढणाऱ्या बाया तेवढं ऐकून लवकर उचलायच्या, लिंबाजी संबळ जोरात वाजवायचा, तुणतुणं टिंग टिंग करायचं, पण मधली भोक पडलेली जागा तशीच राहायची. विठाबाईला ते भोक ऐकू यायचं. तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

चौथं कडवं आलं. ओळीच्या मधे आवाज फाटला आणि थांबला. बाया उचलायला अर्धा क्षण उशिरा होत्या. तुणतुण्याची तार छेडली की मरते, पण गजाची तार मरत नाही. ज्ञानोबाचा गज चालूच होता. जिथं तिनं सूर सोडला तिथंच तो सूर उभा राहिला, पुढं न जाता, मागं न येता, एखाद्यानं चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकाला दगड लावावा तसा. विठाबाईनं पूर्ण, छाती भरून श्वास घेतला. घाई न करता घेतला. आणि जिथं सोडलं होतं त्याच सुरावर परत पाय ठेवून ओळ पुरी केली. गज केव्हा उलटा वळला हे ज्ञानोबाला कळलंही नाही. पाठीवरनं घामाचा ओघळ गेला तेवढा कळला.

पाचव्या कडव्यात ती मुद्दाम थांबली. दम तुटला नव्हता. ज्ञानोबानं धरून ठेवलं. ती ऐकत राहिली आणि मग गाऊ लागली. सहाव्यात तर तिनं शब्दच सोडला आणि एकटा दिलरुबा चार ठोके चालला. 

गाणं संपलं. पंखा बंद होता, सगळे घामेघूम. शिवराजनं कानावरचा हेडफोन काढला. मग पंख्याचं बटण दाबलं.

विठाबाई खाली बसली, पदरानं तोंड पुसलं, पाणी मागितलं. तांब्या निम्मा झाल्यावर म्हणाली, "चौथ्याला जरा उशिरा सोडलास."

"व्हय आक्का."

"म्या उचलल्यावर लगेच हात काढायचा. न्हाय तर वझं वाटतं."

"व्हय आक्का."

ज्ञानोबा वाट पाहत राहिला. बाकी काहीच आलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. शिवराजनं तेच गाणं एकदा लावून दाखवलं, ती निम्म्यावर उठली आणि लुगड्याचा काष्टा ठीक करत म्हणाली, आता गाडी चुकंल. जिना उतरताना, रस्त्यानं चालताना, स्टँडवर शेंगदाणे घेताना ज्ञानोबा तिच्या तोंडाकडं बघत होता. लिंबाजीला त्यानं दोनदा विचारलं, "काय वाटतंय तुला?" लिंबाजी म्हणाला, "मला भूक लागलीय."

गाडी लागली. मेळा चढला. विठाबाई खिडकीशी बसली. ज्ञानोबा उभाच, दिलरुबा छातीशी धरून, तरफांत अजून टॉवेल तसाच. गाडी धाराशिवच्या बाहेर पडली, रेल्वेफाटक गेलं, तरी ती बाहेर बघत होती. शेवटी त्याला राहवेना.

"आक्का, उद्या मंगळवारी म्या काय आणू? तुणतुणं का हे?"

विठाबाईनं शेंगदाण्याचं टरफल खिडकीबाहेर टाकलं.

"दोन्ही वाजवायला तुला चार हात हायत का?"

"न्हाय."

"मग तुणतुणं हरणीकडं दे. दिवसभर तोंड चालतंय तिचं, हात बी चालू दे. कान तिचा बरा हाय, म्या ऐकलंय तिला दळताना." मग ती थोडी आत सरकली आणि शेजारची जागा मोकळी केली. "बस आता. पडलास तर पेटारा फुटंल."

ज्ञानोबा बसला. पाच दिवसांची काळजी अंगावरनं उतरली, आणि तेरचा थांबा यायला अजून अर्धा तास होता तेवढ्यात त्या रिकाम्या जागी नवी येऊन बसली. हे हरणाबाईला सांगायचं कसं, आणि ती नाही म्हणाली तर मंगळवारी काय, आणि हो म्हणाली तर दर मंगळवारी काय. त्यानं खोळीत हात घातला आणि सवयीनं तरफ छेडली. टॉवेल होता. काहीच वाजलं नाही. लिंबाजी मागनं म्हणाला, "ताप उतरला का रं?"

"बघतो," ज्ञानोबा म्हणाला.